डेमलो संख्या आणि नवाचा ताळा : द. रा. कापरेकर यांच्या एका सतरा अंकी संख्येचा इतिहास

प्रास्ताविक

१११११११११ या नऊ एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. कोटींच्या भाषेत ती सुमारे १२३ कोटी कोटी इतकी मोठी आहे. तिचे अंक एकापासून नऊपर्यंत चढत जातात आणि त्याच क्रमाने उतरतात. डावीकडून वाचली तरी तीच, उजवीकडून वाचली तरी तीच. शाळेच्या फलकावर ही संख्या ‘गंमत’ म्हणून लिहिली जाते व बहुधा तेथेच विषय संपतो.

वास्तविक या संख्येला मोठा इतिहास आहे. तिच्या कुळातील एक लहान संख्या नवव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळते. तिची तपासणी करण्याची रीत अरबी अंकगणिताच्या ग्रंथांतून दूरवर पोचली. विसाव्या शतकात देवळालीच्या एका शाळामास्तरांनी तिला नाव दिले. अशा संख्यांचा अभ्यास हे गणित आहे की केवळ करमणूक, हा प्रश्नही त्याच शतकात उभा राहिला. या इतिहासाचा आढावा घेऊन त्या प्रश्नाचे उत्तर संख्येतच सापडते काय, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

महावीराचार्यांचे हार

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत एक विशेष प्रकार आहे. ज्यांचा गुणाकार गळ्यातील हारासारखा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, अशा संख्या तेथे मुद्दाम निवडलेल्या आहेत. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येतात. ही दुसरी संख्या म्हणजे सहा एकांच्या संख्येचा वर्ग होय. आपल्या सतरा अंकी संख्येची ती धाकटी बहीणच म्हणावी लागेल.

असे हार दशमान स्थानमूल्याच्या पद्धतीशिवाय गुंफता येत नाहीत. रोमन अंकांत किंवा अक्षरांनी संख्या लिहिणाऱ्या पद्धतीत या गुणाकाराचे उत्तर तेवढेच असते, पण हार दिसत नाही. म्हणजे हा गुण काही अंशी संख्येचा आणि काही अंशी तिच्या लेखनाचा आहे. ही गोष्ट पुढील चर्चेत महत्त्वाची ठरते.

मीझान म्हणजे ताळा

भारतीय अंकपद्धती अरब जगात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मी यांना दिले जाते. बगदाद येथे त्यांनी भारतीय हिशेबपद्धतीवर ग्रंथ लिहिला. तो आज लॅटिन अनुवादांच्या रूपानेच टिकून आहे. त्यांच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. इसवी सन ९५२–५३ मध्ये दमास्कस येथे अल्-उक्लीदिसी यांनी आणि इसवी सन १००० च्या सुमारास कूश्यार इब्न लब्बान यांनी याच विषयावर ग्रंथ लिहिले. या अंकांना अरबी लेखक ‘हिंदी अंक’ म्हणत, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या परंपरेत उत्तर तपासण्याच्या रीतीला ‘मीझान’, म्हणजे तराजू, असा शब्द आहे. संख्येच्या अंकांची बेरीज करायची, त्यातून नऊ नऊ टाकून द्यायचे आणि उरलेली बाकी पाहायची. गुणाकार बरोबर असेल तर दोन्ही बाजूंच्या बाक्या जुळतात. मराठी शाळांत हाच ‘नवाचा ताळा’. भारतात दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धांत’ या ग्रंथातही ही रीत आढळते.

ताळ्यामागील कारण सोपे आहे. दहा, शंभर, हजार यांपैकी कोणालाही नवाने भागले तर बाकी एकच राहते. म्हणून एखादा अंक कोणत्याही घरात बसला तरी नवाच्या हिशेबात त्याची किंमत बदलत नाही, आणि संपूर्ण संख्येची बाकी तिच्या अंकांच्या बेरजेच्या बाकीएवढीच असते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा व पुढे दुप्पट दुप्पट ठेवल्यास एकूण दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात. अल्-बीरूनी यांनी ही वीस अंकी संख्या आपल्या कालगणनेवरील ग्रंथात काढून दाखवली आहे. तिच्या अंकांची बेरीज ८७, म्हणून नवाची बाकी ६. दोनाच्या चौसष्टाव्या घाताची बाकी ७ येते, त्यातून एक वजा केला की ६ उरतात. ताळा जमला. एवढी अवाढव्य संख्याही अर्ध्या मिनिटात तराजूवर चढते.

ताळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ताळा चुकला तर उत्तर नक्की चुकलेले असते, पण ताळा जमला म्हणून उत्तर नक्की बरोबर असे म्हणता येत नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवाचा ताळा ती चूक दाखवत नाही.

देवळालीचे कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी मुंबई–सुरत लोहमार्गावरील डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिक–देवळाली परिसरात शाळाशिक्षक होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

‘डेमलो’ हे नाव ऐकून अनेकांना तो कोणी परदेशी गणिती वाटतो. प्रत्यक्षात ते एका रेल्वे स्थानकाचे नाव आहे. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या या स्थानकावर कापरेकर यांना या संख्यांची कल्पना सुचली. ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली.

डेमलो संख्येचे तीन भाग असतात : मस्तक, मध्य आणि शेपूट. मध्यभागी एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि मस्तक व शेपूट यांची बेरीज केली की तोच अंक पुन्हा मिळतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. आपल्या सतरा अंकी संख्येत मध्ये ९ आहे, मस्तक १२३४५६७८ आणि शेपूट ८७६५४३२१. यांची बेरीज ९९९९९९९९. एकांच्या संख्यांच्या वर्गांना, म्हणजे १, १२१, १२३२१ या मालिकेला, कापरेकर यांनी ‘अद्भुत’ डेमलो संख्या म्हटले. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला डेमलो संख्यांच्या उपपत्तीवरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकर यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने भागले असता १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार निःशेष येतो. तेव्हा ती हर्षदही आहे. हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ या संख्येचा वर्ग होय.

आक्षेप

या कामाची विद्वानांत फारशी कदर झाली नाही. अनेक भारतीय गणितज्ञांनी ते क्षुल्लक मानून हसण्यावारी नेले. कापरेकर यांचे बरेच लेखन साध्या नियतकालिकांत किंवा पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत आले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन पुरेना म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते.

हा केवळ व्यक्तिगत अन्याय होता असे म्हणून विषय संपवता येत नाही, कारण आक्षेपामागे एक विचार होता. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मपर पुस्तकात याच प्रकारची उदाहरणे घेतली आहेत. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत की त्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत असतात : २१७८ ची चौपट ८७१२ आणि १०८९ ची नऊपट ९८०१. हार्डी यांच्या मते अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात. त्यांतून पुढे काही निघत नाही, त्यांचे व्यापक रूप सिद्ध होत नाही, म्हणून गणितज्ञाला त्यांचे आकर्षण नसते.

ही कसोटी योग्यच आहे. प्रश्न एवढाच की कापरेकर यांच्या संख्या तिला उतरतात काय?

दहाव्या एकाची कहाणी

उत्तर शोधण्यासाठी नऊ एकांवर न थांबता दहावा एक लिहून पाहावा. वर्गात ही पायरी सहसा टाळली जाते, कारण येथे हार तुटतो. १११११११११ चा गुणाकार उभ्या मांडणीत केला तर एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर सरकलेली, अशा पडतात. त्यांच्या स्तंभांत अनुक्रमे १, २, ३ असे नऊपर्यंत आणि मग उलट उतरत्या क्रमाने एक असतात. बेरीज म्हणजे फक्त मोजणी. कोठेही हातचा येत नाही, म्हणून जिना स्वच्छ दिसतो. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा एक जमतात. शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो, तेथील नऊचे दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. शेवटी उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब झाला, मध्ये दोन शून्ये आली आणि सौंदर्य नाहीसे झाले असे वाटते.

आता ही एकोणीस अंकी संख्या दोन भागांत तोडावी : उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१ आणि डावीकडचे उरलेले १२३४५६७९०. यांची बेरीज येते ११११११११११, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच.

ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग करून बेरीज घेतली की मूळ संख्या परत मिळते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० व २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. दहा एकांची संख्या याच कुळातील आहे. नऊ एकांची मात्र नाही. एक नक्षी जेथे मोडते, नेमकी तेथेच दुसरी उभी राहते.

हा योगायोग नाही, आणि त्याचे कारण जुन्या ताळ्यातच आहे. नवाऐवजी ९९ ने ताळा पाहायचा झाल्यास संख्येचे उजवीकडून दोन दोन अंकांचे भाग करून त्यांची बेरीज घ्यावी लागते, कारण शंभराला ९९ ने भागले की बाकी एक राहते. ४५ च्या वर्गाचे २० आणि २५ असे भाग पाडणे म्हणजे ९९ चा ताळाच पाहणे होय. ४५ आणि ४४ यांचा गुणाकार १९८०, म्हणजे ९९ च्या वीस पट. म्हणून ४५ चा वर्ग हा वीस वेळा ९९ अधिक ४५ इतका आहे. वीस वेळा ९९ ऐवजी वीस वेळा १०० लिहिले तर वीस जास्त झाले, ते ४५ मधून वजा केले की २५ उरतात. डावा भाग २०, उजवा भाग २५, आणि त्यांची बेरीज अर्थातच ४५.

दहा एकांच्या बाबतीत ९९ च्या जागी दहा नऊ असलेली संख्या येते. ११११११११११ आणि तिच्या अलीकडची ११११११११1० ही संख्या यांचा गुणाकार ९९९९९९९९९९ च्या नेमक्या १२३४५६७९० पट आहे, आणि तोच आपला डावा भाग. अलीकडच्या या संख्येत नऊ एक आणि एक शून्य आहे, अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नवाने भाग जातो. नऊ एकांच्या संख्येच्या अलीकडे मात्र आठच एक उरतात. त्यांची बेरीज आठ, नवाने भाग जात नाही आणि गुणधर्म जमत नाही. दोन संख्यांतील संपूर्ण फरक नवाच्या ताळ्याने सांगितला.

या निरीक्षणाचे व्यापक रूपही सिद्ध झाले आहे. २००० साली डग्लस इयानुची यांनी दाखवून दिले की कापरेकर संख्या या ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी बांधलेल्या आहेत. विभाजक आणि त्याने भागून आलेला भागाकार यांत एकाहून मोठा सामाईक विभाजक नसावा, एवढीच अट असते. म्हणजे हार्डी यांची कसोटी येथे पुरी होते. आक्षेप घेणाऱ्यांचा निकष बरोबर होता, त्यांचा निकाल मात्र घाईचा ठरला.

एकांच्या संख्याही केवळ शोभेच्या नाहीत. ज्यांत २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एक आहेत त्या संख्या मूळ संख्या आहेत. यांपैकी शेवटची मूळ असल्याचे १९८६ साली, म्हणजे कापरेकर यांच्या निधनाच्याच वर्षी, सिद्ध झाले. ४९०८१ एकांच्या संख्येबाबत तशी सिद्धता २०२२ साली मिळाली. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

वर्गातील उपयोग

डहाणूच्या उत्तरेस त्याच लोहमार्गावर सुरत आहे. तेथील बमरोली–पांडेसरा भागात यंत्रमागावर उपजीविका करणारी अनेक खानदेशी मराठी कुटुंबे आहेत, आणि सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी व उर्दू माध्यमांतूनही चालतात. अशा गावच्या महाविद्यालयात एका वर्गात तीन लिप्यांतून शिकून आलेले विद्यार्थी एकत्र येऊ शकतात. उर्दू उजवीकडून वाचली जाते, मराठी व गुजराती डावीकडून. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कोणीही कोणत्याही बाजूने वाचली तरी बदलत नाही. गणिताच्या पहिल्या तासाला याहून चांगली ओळख कोणती असेल?

संगणक हाताशी असणाऱ्यांसाठीही तिचा उपयोग आहे. १११११११११ चा वर्ग एक्सेलमध्ये काढल्यास उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसते, कारण तेथे पंधरा सार्थ अंकच राखले जातात आणि पुढच्या घरांत शून्ये भरली जातात. विद्यार्थी पडद्यावरच्या उत्तरावर सहसा शंका घेत नाही. त्याला नवाचा ताळा घ्यायला सांगावे. नऊ एकांच्या संख्येला नवाने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. पडद्यावरील अंकांची बेरीज ७८ येते आणि बाकी ६ उरते. उत्तर चुकले आहे. बगदाद आणि दमास्कसच्या हिशेबनिसांचा तराजू आजच्या यंत्राची चूक पकडतो, हा अनुभव विद्यार्थी सहसा विसरत नाही.

मात्र येथे क्रम पाळावा. प्रथम विद्यार्थ्याने नक्षी पाहावी, मग ती कोठे मोडते ते शोधावे आणि शेवटी का मोडते ते सिद्ध करावे. पहिल्याच पायरीवर थांबणारा वर्ग आक्षेपकांचे म्हणणे खरे करतो.

समारोप

कापरेकर यांच्यापाशी निरीक्षणाची असामान्य शक्ती होती. पदव्युत्तर प्रशिक्षण, संशोधनसंस्था आणि रोजच्या चर्चेला सहकारी यांपैकी काहीच देवळालीत त्यांच्या वाट्याला आले नाही. गुंजीकर यांच्यासमवेतचा १९३९ सालचा लेख असे सहकार्य शक्य होते हे दाखवतो. ते क्वचितच लाभले, ही खरी उणीव होय. संख्येचा गुण दिसणे आणि त्याची सिद्धता देणे ही दोन कामे आहेत आणि ती दोन वेगळ्या माणसांनीही करता येतात. पहिले काम करणाऱ्याला दुसरे काम करणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट मात्र हवी.

विद्यापीठ आणि शाळा यांच्यामध्ये उभे असलेले महाविद्यालयीन शिक्षक ही वाट होऊ शकतात. एखाद्या विद्यार्थ्याने किंवा शेजारच्या शाळेतील शिक्षकाने अंकांची एखादी नवी नक्षी आणून दाखवली, तर ‘गंमत आहे’ असे म्हणून ती परत न करता ‘दहावा एक लिहून पाहा’ असे सांगणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.